व्हीएममधला लिनक्स कर्नल फास्ट कसा करायचा

व्हीएम (एका मशीनवर सॉफ्टवेअरने बनवलेलं दुसरं मशीन) स्लो वाटली की आपण आधी रॅम वाढवतो, पण बऱ्याचदा दोष आतल्या कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा असतो. त्याला वाटतं आपण खऱ्या हार्डवेअरवर बसलोय, मग तो नकली आयडीई डिस्क आणि नकली इंटेल नेटवर्क कार्डच्या रजिस्टरमध्ये लिहीत बसतो आणि अशा प्रत्येक वेळी प्रोसेसरला गेस्ट (म्हणजे व्हीएम) सोडून होस्टकडे (ज्या मशीनवर ती चालते तिकडे) जावं लागतं. याला व्हीएम एक्झिट म्हणतात, आणि हे एक्झिट कमी करणं हेच आपलं मुख्य काम. इथे मी केव्हीएम (लिनक्सची व्हीएम चालवायची सोय) आणि एक्स८६ (इंटेल-एएमडीचे प्रोसेसर) धरून सांगतोय.

आधी बघा आत्ता काय चाललंय. व्हीएममध्ये 'एलएसबीएलके' (डिस्कची यादी दाखवणारी कमांड) मारल्यावर डिस्क 'एसडीए' दिसली तर बहुतेक ती व्हर्टआयओवर (खऱ्या हार्डवेअरची नक्कल न करता खास व्हीएमसाठी बनवलेल्या डिव्हाइसवर) नाहीये, 'व्हीडीए' दिसली तर अर्धं काम झालेलंच आहे. व्हर्टआयओ २००८ पासून, म्हणजे २.६.२४ पासून कर्नलमध्येच आहे, त्यामुळे बाहेरून काही आणायला लागत नाही.

आता कर्नल सोर्सच्या फोल्डरमध्ये जा, चालू कर्नलची कॉन्फिग कॉपी करा, 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' चालवा आणि त्याच्यानंतरच 'मेक केव्हीएम_गेस्ट.कॉन्फिग'. हा क्रम उलटा करू नका, कारण लोकलमॉडकॉन्फिग फक्त आत्ता लोड असलेले मॉड्यूल (लागतील तेव्हा जोडले जाणारे कर्नलचे भाग) ठेवतं आणि तुमची डिस्क अजून जुन्या पद्धतीने जोडलेली असेल तर व्हर्टआयओ त्याच्या यादीत नसेलच. दुसऱ्या कमांडने केव्हीएम गेस्ट सपोर्ट, व्हर्टआयओ ब्लॉक, नेट वगैरे थेट कर्नलमध्ये बिल्ट-इन होतात.

एक गोष्ट मात्र हाताने ऑन करायची, 'मेक मेनूकॉन्फिग'ने उघडणाऱ्या मेनूमध्ये लिनक्स गेस्ट सपोर्टखाली पॅराव्हर्च्युअल स्पिनलॉक (स्पिनलॉक म्हणजे ज्याच्यासाठी वाट बघणारा गोल फिरत राहतो असा लॉक). का, ते नीट समजून घ्या. एका व्हीसीपीयूने (व्हीएमला दिलेल्या आभासी सीपीयूने) लॉक धरलाय आणि नेमकं त्याच वेळी होस्टने त्याला बाजूला बसवलं, तर बाकीचे व्हीसीपीयू त्या लॉकसाठी नुसते गोल गोल फिरत होस्टचा सीपीयू जाळत राहतात. हा ऑप्शन असला की वाट बघणारा थोडं फिरून झोपतो आणि लॉक सुटला की त्याला उठवलं जातं. गर्दीच्या होस्टवर याचा फरक खूप पडतो, एकच व्हीसीपीयू असेल तर कर्नल स्वतःच हे बंद ठेवतो.

बिल्ड करा, इन्स्टॉल करा, जुना कर्नल ग्रबमध्ये (बूटच्या वेळी कर्नल निवडायच्या मेनूत) राहू द्या. रीबूटच्या आधी एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) '/डेव्ह/एसडीए१' असं लिहिलेलं असेल तर तिथे यूयूआयडी (न बदलणारा ओळख क्रमांक) टाका, डिस्कचं नाव बदलणार आहे. नवा कर्नल आधी जुन्याच डिस्कवर बूट करून बघा, मग व्हीएम बंद करून होस्टवर डिस्क आणि नेटवर्क कार्ड दोन्ही व्हर्टआयओ करा. होस्टवर हे बदललं नाही तर आतल्या ड्रायव्हरचा काही उपयोग नाही. बूट होताना 'अनएबल टू माउंट रूट एफएस' (मुख्य डिस्क जोडता आली नाही) आलं तर बहुतेक डिस्कचा ड्रायव्हर मॉड्यूल राहिलाय आणि इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला मेमरीत येणाऱ्या छोट्या फाइलसिस्टिममध्ये) तो नाहीये.

बूट झाल्यावर क्लॉकसोर्स, म्हणजे कर्नल वेळ कुठून वाचतो ते तपासा. केव्हीएम-क्लॉक किंवा टीएससी असेल तर उत्तम. एसीपीआय-पीएम असेल तर नुसता टाइम वाचायलाही दरवेळी एक्झिट होतो, डेटाबेसवाल्यांनी हे आवर्जून बघावं.

शेवटी होस्टवर 'पर्फ केव्हीएम स्टॅट लाइव्ह' लावून आधीचे आणि नंतरचे एक्झिट ताडून बघा. आणि गेस्टच्या 'टॉप'मध्ये 'एसटी'चा (स्टील, म्हणजे सीपीयू मिळायची वाट बघण्यात गेलेल्या वेळेचा) आकडा सतत मोठा दिसत असेल तर होस्टवरच गर्दी झालीये, तिथे कर्नल कितीही ट्यून करा, व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवणंच बरं.