डेटाबेस निवडायचा तर आधी सर्व्हरची वायर उपटून बघा

नागपुरात गायत्रीनगरच्या आयटी पार्कात किंवा मिहानमध्ये नोकरीला लागलेल्या मुलामुलींच्या वाट्याला लवकरच एक काम येतं: "या ग्राहकासाठी कुठला डेटाबेस घ्यायचा, बघून सांग." मग नेटवरून तुलनेचा तक्ता निघतो. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर, ओरॅकल असे रकाने पडतात आणि कोणाच्या नावापुढे बरोबरच्या खुणा जास्त, ते मोजलं जातं. माझं स्पष्ट मत आहे की त्या तक्त्यातून निर्णय निघत नाही. एडगर कॉड या संगणकशास्त्रज्ञाने १९७० साली मांडलेलं रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती टेबलांत मांडायची पद्धत, चौघांच्याही मुळाशी आहे. टेबल, जॉइन (टेबलं जोडून माहिती काढणं), ट्रान्झॅक्शन (पूर्ण होईल नाहीतर काहीच होणार नाही असा व्यवहार) सगळ्यांकडे आहेत. फरक दिसतो तो ग्राहकाचं काम त्यांच्यावर चालवून पाहिल्यावर. म्हणून मी आधी दुकानात जाऊन बसतो.

इतवारीतल्या एका ठोक किराणा व्यापाऱ्याचं उदाहरण घेतो. दोन काउंटर, गोदाम मागच्या गल्लीत, आणि काटोल, सावनेर, उमरेडचे दुकानदार उधारीवर माल नेणारे. त्या व्यापाऱ्याला, काकाजींना, मी डेटाबेसचं काहीच विचारलं नाही. भीती कशाची वाटते, एवढंच विचारलं. ते म्हणाले, "भाऊ, लाइन गेली तं उधारी राहते का, थे सांगा." ट्रान्झॅक्शनचा टिकाऊपणा म्हणून जो धडा कॉलेजात शिकवतात, तो हाच.

तो तपासायची पद्धत सोपी आहे. दुसऱ्या लॅपटॉपवर एक छोटा प्रोग्राम लावायचा. तो सर्व्हरवरच्या टेबलमध्ये १, २, ३ असे क्रमांक टाकत जातो, आणि कमिट झाल्याचं, म्हणजे नोंद पक्की झाल्याचं, उत्तर आलं की तोच क्रमांक स्वतःच्या फाइलमध्ये लिहून ठेवतो. थोडा वेळ चालू द्यायचं आणि सर्व्हरची वायर सरळ उपटायची. मशीन परत चालू झालं की दोन्हीकडचे आकडे जुळवायचे. लॅपटॉपच्या फाइलमधला प्रत्येक क्रमांक टेबलमध्ये सापडलाच पाहिजे. टेबलमध्ये एखादा जास्त असला तर हरकत नाही, कारण कमिट होऊन त्याचं उत्तर वाटेतच राहिलं असेल. कमी असला तर मात्र ते मशीन त्या सेटिंगसह नापास. नुसती प्रोसेस किल करून ही परीक्षा होत नाही. तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिम जिवंत असते आणि तिच्या मेमरीतला मजकूर मागाहून डिस्कवर उतरतो.

नापास झाल्यास दोष बहुधा डेटाबेसच्या नावात नसतो. मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये, म्हणजे डेटा साठवणाऱ्या भागात, कमिटच्या वेळी लॉग (बदलांची नोंदवही) डिस्कवर उतरवण्याची सेटिंग असते. ती १ वर असेल तर प्रत्येक कमिट डिस्कवर पोचतं. २ वर ठेवली तर वीज गेल्यावर शेवटच्या सेकंदाभराच्या पावत्या जाऊ शकतात. पोस्टग्रेसमध्ये सिंक्रोनस कमिट, म्हणजे डिस्कवर उतरेपर्यंत थांबणं, बंद केलं की तोच धोका. काही स्वस्त एसएसडी तर स्वतःच्या कॅशमध्ये (तात्पुरत्या मेमरीत) ठेवूनच "लिहिलं" असं कळवतात. कुणी दुप्पट वेगाचा आकडा दाखवला, तर आधी या गोष्टी विचारा.

दुसरी परीक्षा दोन काउंटरची. साखरेची ५० पोती आहेत. दोन्हीकडच्या पोरांनी एकाच वेळी ५० वाचली, दोघांनी ३०-३० विकली, आणि प्रोग्रामने दोनदा २० लिहिली. कागदावर माल शिल्लक, गोदामात दहा पोती कमी. दोन टर्मिनल उघडून हे हाताने करून बघा. ट्रान्झॅक्शन एकमेकांपासून किती वेगळी ठेवायची याच्या पातळ्या असतात; त्यातल्या रिपीटेबल रीड पातळीवर पोस्टग्रेस दुसऱ्या ट्रान्झॅक्शनला एरर देऊन थांबवतो, इनोडीबी त्याच नावाच्या पातळीवर गुपचूप लिहू देतो. वाचतानाच ती ओळ लॉक केली, किंवा "शिल्लक ३० किंवा जास्त असेल तरच ३० वजा कर" असं एकाच अपडेटमध्ये लिहिलं, तर दोन्हीकडे काम बरोबर होतं. पण ते प्रोग्राम लिहिणाऱ्याला माहीत हवं, आणि ते सांगणं आपलं काम.

मराठी नावांकडे बहुतेक जण बघतच नाहीत. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ओरॅकलमध्ये व्हारकॅर२ या मजकुराच्या रकान्याची लांबी मुळात बाइटमध्ये मोजली जाते. ‘ज्ञानेश्वर’ मध्ये काना, मात्रा, हलन्त धरून १० चिन्हं, म्हणजे ३० बाइट. ३० चा रकाना तिथेच भरला, ‘ज्ञानेश्वरराव’ आत जाणार नाही. लांबी अक्षरांत मोजायला सांगितलं की प्रश्न सुटतो. क्रमाचंही बघा: युनिकोडने प्रत्येक अक्षराला दिलेल्या आकड्यांप्रमाणे ळ हा ल च्या लगेच नंतर आहे, त्यामुळे ‘काळे’ हे ‘कावळे’च्या आधी येतात. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह नंतर. उधारीची यादी रोज डोळ्यांनी चाळणाऱ्या मुनीमजींना ते लगेच खटकतं.

बॅकअप निघतो का, हे विचारू नका. परत चढवायला किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून मोजा, तेही कोऱ्या मशीनवर. यात जीएसटीचाही संबंध येतो. हिशेबाचे कागद वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. पोस्टग्रेसच्या एका मुख्य आवृत्तीला ५ वर्षं आधार, म्हणजे दुरुस्त्या, मिळतात. म्हणजे या वह्या जपायच्या काळातच किमान एकदा आवृत्ती बदलावी लागणार. ते अपग्रेडही निवडीआधीच एकदा करून बघावं.

पैशाचं थोडक्यात. एसक्यूएल सर्व्हर २०२२ ची एक्सप्रेस आवृत्ती फुकट आहे, पण एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा. पोस्टग्रेसला परवान्याचा खर्च नाही. मात्र फुकटच्या डेटाबेसलाही सांभाळणारा माणूस लागतो. दिवाळीच्या आधी दुकान भरलेलं असताना फोन उचलणारा कोण आणि त्याला यातलं काय येतं, हे मी नावानिशी लिहून घेतो. काकाजींकडे येणारा पोरगा पोस्टग्रेस जाणणारा होता, परीक्षांतही पोस्टग्रेस उतरला होता, म्हणून तोच डेटाबेस घेतला. तोच माणूस एसक्यूएल सर्व्हरमध्ये मुरलेला असता, तर माझा सल्ला बदलला असता.

अहवाल दोन पानांत बसवा. कुठल्या मशीनवर, कुठल्या आवृत्तीवर, कुठल्या सेटिंगसह काय तपासलं ते लिहा आणि चाचणीचे प्रोग्राम सोबत जोडा. मुलाखतीत "डेटाबेस कसा निवडला?" असं विचारलं, तर हीच दोन पानं समोर ठेवा.