पेट्या भरायच्या दिवसांतलं वादळ

कोकणात आंबा काढायचे आणि वादळाचे दिवस एकच. 2020 साली 3 जूनला 'निसर्ग' श्रीवर्धन-अलिबाग पट्ट्यात किनाऱ्यावर आलं, वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर. पुढल्याच वर्षी मे महिन्यात 'तौक्ते' किनाऱ्याला समांतर वर सरकत गुजरातेत गेलं. ते कोकणात जमिनीवर चढलंच नाही, तरी झाडावर राहिलेला हापूस जमिनीवर आला. तेव्हा वादळ आपल्या गावावरून जाणार नाही एवढं ऐकून निर्धास्त बसू नका.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की झाडावरचा जोर चौपट होतो. अशा वाऱ्यापुढे मोठ्या झाडाला टेकू लावून काही उपयोग नाही. वारा जिथे अडतो तो पसारा कमी करणं, तेवढंच आपल्या हातात. माडावरचे तयार नारळ आणि सुकून लोंबणाऱ्या झावळ्या पाडेल्याला बोलावून आत्ताच उतरवून घ्या. हिरव्या झावळ्या मात्र तोडू नका, त्याने माड खचतो. कलमांची मधली दाटी आंबा उतरल्यावर काढायची. फळांसकट फांद्या छाटा असं मी तरी सांगणार नाही. कातळात सुरुंगाने खड्डे फोडून लावलेली कलमं आधी पाहा. मुळं खड्ड्याबाहेर गेलेली नसली तर वाऱ्याला ती कुंडीतल्या रोपासारखीच. बुंध्याशी माती चढवा, लहान कलमांना तीन बाजूंनी काठ्या ठोकून सैल बांधा.

हवामान खात्याची पहिली चाहूल साधारण तीन दिवस आधी लागते. तो पहिला दिवस आंब्याचा. चौदा आणे (सोळांतले चौदा) तयार झालेला माल झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, उतरवून अढीत (पेंढ्यात पिकायला) टाका. गडी त्याच दिवशी सगळ्या गावाला हवे असतात, त्यामुळे बोलणं आधीच करून ठेवा. दुसऱ्या दिवशी असोलीची, म्हणजे न सोललेल्या सुपारीची, पोती जमिनीवरून उचलून माळ्यावर न्या, विहिरीवरचा पंप सोडवून घरात आणा, रोपवाटिकेचं शेडनेट उतरवा. पिंप भरून ठेवा. निसर्गनंतर कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. गोठ्याचे वासे कुजके असतील तर गुरांची दावी सोडा. शेवटच्या दिवशी माडावर कोणालाही चढवू नका. वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, माथ्यावर आला तर वारा एकदम पडतो, ऊनही दिसतं. लोक वाडी, म्हणजे माड-पोफळीची बाग, बघायला धावतात आणि मग उलट बाजूने वारा सुटतो.

किनाऱ्याकडे सुरू, उंडी यांची रांग असावीच. झाडांच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत तिचा आडोसा मिळतो. पण निसर्गमध्ये दिवेआगरची सुरूची बनंसुद्धा आडवी झाली होती, हेही लक्षात असू द्या.

वादळ गेल्यावर करवत घेण्याआधी फोन घ्या. पडलेल्या प्रत्येक झाडाच्या खोडावर चुन्याने आकडा घाला आणि घर किंवा विहीर मागे दिसेल असा फोटो काढा. वाडी असते चार-सहा गुंठ्यांची, त्यामुळे सरकारची हेक्टरी मदत हातात येईपर्यंत चिमूटभर उरते. म्हणूनच निसर्गनंतर झाडागणिक मदतीची मागणी झाली. तलाठी आणि कृषी सहायक पंचनाम्याला येतील तेव्हा मोजणी तुमच्याकडे तयार हवी. सातबाऱ्यावर मुंबईच्या काका-पुतण्यांची नावं असतील तर संमतिपत्रं आत्ता घ्या. चतुर्थीला सगळे येतील तेव्हा बघू म्हणाल तर उशीर झालेला असेल.

उन्मळलेलं लहान कलम मुळं सुकायच्या आत, दोन-तीन दिवसांत उभं करा. फाटलेली मुळं धारदार कोयत्याने साफ कापा, पसारा निम्म्यावर आणा, हळूहळू उचलून माती दाबा. मोठं झाड ओढून उभं करायच्या फंदात पडू नका. निम्मी मुळं मातीत असतील तर आहे तसं राहू द्या, फांद्या छाटा, ते फुटतं. कापलेल्या जागी 10 टक्के बोर्डो पेस्ट लावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. मोरचूद प्लास्टिकच्या बादलीतच भिजवा. पेस्ट झाली की त्यात लोखंडी विळा बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून घाला.

मोडलेल्या माडांचे ओंडके वाडीत कुजत ठेवू नका, त्यांत गेंड्या भुंगा वाढतो. जखमी माडांवर सोंड्या भुंगा येतो. उभ्या माडांच्या शेंड्यात 1 टक्का बोर्डो मिश्रण ओता, नाहीतर पावसात कोंब कुजतो.

पोफळीचं, म्हणजे सुपारीच्या झाडाचं, दुखणं मात्र उशिरा कळतं. वरचा माड पडला की तिची सावली जाते. पावसाळाभर ती हिरवीगार दिसते. ऑक्टोबरच्या उन्हात खोड नैर्ऋत्येच्या बाजूने भाजून चिरतं आणि पुढच्या एखाद्या वाऱ्यात तिथेच मोडतं. नवी पोफळ धरायला पाच-सात वर्षं लागतात. मोकळ्या जागेत आषाढातच केळी लावा, आणि दसऱ्याच्या आत खोडांना चुना फासा किंवा झावळ्या गुंडाळा.