दोन आयतांचा टॉप : क्रोशावर विणायचा पहिला कपडा

क्रोशा नव्याने शिकणाऱ्याच्या हातून आधी रुमाल होतो, मग मफलर होतो, आणि पुष्कळ जण तिथेच थांबतात. कारण अंगात घालायचा कपडा म्हटला की गळा, मुंडा, बाही, टाके वाढवणे आणि घटवणे हे सारे एकदम डोळ्यांपुढे येते. वास्तविक, एकही टाका न घटवता, केवळ दोन सारखे आयत विणून ते खांद्यांवर आणि बाजूंनी जोडले, तर रुंद गळ्याचा आणि किंचित उतरत्या खांद्यांचा नेटका बिनबाह्यांचा टॉप तयार होतो. ज्याला चौकोनी रुमाल विणता येतो, त्याला हा टॉप विणता येतो.

क्रोशाने मन शांत होते असे सर्रास म्हटले जाते आणि ते खरेही आहे, पण त्याला एक अट आहे. पुढचा टाका कोणता, हे हाताला आपोआप ठाऊक असले पाहिजे. दर चार टाक्यांनी नमुन्याच्या कागदाकडे पाहावे लागत असेल, तर ते विणकाम उरत नाही, हिशेबाचे काम होते. म्हणून या टॉपसाठी टाक्याचा एकच प्रकार निवडलेला आहे आणि सगळे गणित सुरुवातीलाच उरकून घ्यायचे आहे. त्यानंतर प्रत्येक ओळीच्या शेवटी टाके पुरे भरले का, एवढा एकच प्रश्न उरतो.

सूत आणि सुई

पहिल्या कपड्यासाठी सूत गुळगुळीत, मध्यम पिळाचे आणि फिक्या रंगाचे घ्यावे. काळ्या किंवा गडद निळ्या सुतात टाक्याचे डोके दिसत नाही, आणि केसाळ लोकरीत टाका दिसत तर नाहीच, शिवाय उसवतानाही तंतू एकमेकांत अडकतात. जाडी लेबलवर ‘डीके’ किंवा ३ या अंकाने दाखवलेली असते, ती येथे योग्य ठरते. उन्हाळी वापरासाठी सुती किंवा सुती-मिश्र सूत बरे. मात्र सुती सूत जड असते आणि स्वतःच्या वजनाने थोडे खाली ओढले जाते, हे उंची ठरवताना लक्षात ठेवावे. ॲक्रिलिक हलके, धुण्यास सोपे आणि वारंवार उसवले तरी टिकणारे असल्यामुळे हात बसवण्यासाठी चांगले असते.

सुई ४.५ मिलिमीटरची घ्यावी आणि शक्य असल्यास ५ मिलिमीटरची एक जवळ असू द्यावी. सुईचे माप तिच्या टोकाशी नसून आकड्यामागच्या सरळ दांडीवर असते. नवशिक्यांचे टाके घट्ट होण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे, की ते फासा टोकाजवळच्या निमुळत्या भागावर ठेवतात. तिथे फासा लहान होतो आणि पुढच्या ओळीत सुई आत शिरता शिरत नाही. प्रत्येक फासा दांडीवर पूर्ण सरकवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घेतली, की हाताचा ताण निम्मा कमी होतो. याखेरीज बोथट टोकाची मोठ्या नेढ्याची सुई, टेप, कात्री आणि टाक्यांत अडकवायच्या काही खुणा लागतात. खुणांसाठी सेफ्टी पिना किंवा वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचे तुकडेही पुरतात.

एकच टाका : अर्धा खांब

टाक्यांच्या नावांबाबत एक सावधगिरी बाळगावी. अमेरिकन नमुन्यांत ज्याला डबल क्रोशे म्हणतात, त्यालाच ब्रिटिश नमुन्यांत ट्रेबल म्हणतात, आणि ब्रिटिश डबल क्रोशे हा अमेरिकन सिंगल क्रोशे असतो. त्यामुळे कोणताही नमुना हाती घेतल्यावर तो कोणत्या पद्धतीचा आहे ते प्रथम पाहावे. या लेखात लागणारा अर्धा खांब म्हणजे अमेरिकन हाफ डबल क्रोशे. चिन्हांच्या आकृतीत तो दांडीवर तिरपी रेघ नसलेल्या साध्या ‘टी’ सारखा दाखवतात.

सर्वांत आखूड टाक्याचे, म्हणजे सिंगल क्रोशेचे, कापड दाट आणि ताठ होते. पिशवीला ते उत्तम, पण अंगावर ते पुठ्ठ्यासारखे उभे राहते. पूर्ण खांबाचे, म्हणजे अमेरिकन डबल क्रोशेचे, कापड मोकळे पडते, मात्र त्यात फटी दिसतात आणि आत दुसरे काही घालावे लागते. अर्धा खांब या दोहोंच्या मधला असून कपड्याला लागणारी पड आणि झाकणूक दोन्ही त्यात मिळतात.

तो असा घालावा. सुईवर एक फासा असताना सुताचा एक वेढा सुईवर घ्यावा. खालच्या टाक्याच्या डोक्यावर इंग्रजी ‘व्ही’ सारखे दोन धागे दिसतात, त्या दोन्ही धाग्यांखालून सुई आत घालावी, पुन्हा वेढा घ्यावा आणि तो बाहेर ओढावा. आता सुईवर तीन फासे असतात. आणखी एक वेढा घेऊन तो तिन्ही फाशांमधून एकदमच ओढून काढावा, म्हणजे टाका पूर्ण झाला. शेवटचा ओढा अडत असेल, तर सुईचे तोंड किंचित खाली वळवून ओढावे आणि डाव्या हाताच्या अंगठ्याने व मधल्या बोटाने टाक्याचे बूड धरून ठेवावे. डावखुऱ्यांनी हे सर्व आरशात दिसते तसे उलट करावे. टाक्यात काहीही फरक पडत नाही.

नमुन्याचा तुकडा

हा भाग गाळण्याचा मोह सर्वांनाच होतो, आणि कपडा न बसण्याचे कारण बहुतेक वेळा इथेच असते. सुमारे १५ सेंटिमीटर लांब-रुंद चौकोन विणावा, कपडा पुढे जसा धुणार तसाच तो धुऊन सपाट वाळवावा आणि मग मधल्या १० सेंटिमीटरमध्ये किती टाके व किती ओळी बसतात ते मोजावे. कडेचे टाके मोजू नयेत, कारण ते नेहमी थोडे वेडेवाकडे असतात.

समजा १० सेंटिमीटरमध्ये १४ टाके आणि १० ओळी बसल्या. छातीचा घेर ९२ सेंटिमीटर असेल, तर सैलपणासाठी त्यात ८ सेंटिमीटर मिळवून १०० धरावे. म्हणजे एका आयताची रुंदी ५० सेंटिमीटर आणि टाके ७० होतात. दोन्ही बाजूंच्या शिवणीत एकेक टाका जातो, म्हणून विणायचे टाके ७२. खांद्यापासून खालपर्यंत उंची ५४ सेंटिमीटर हवी असेल, तर ओळी ५४. स्वतःच्या मापांनी हे आकडे बदलून घ्यावेत.

एका टाक्याचा फरक किती महाग पडतो, ते याच उदाहरणात दिसते. हात थोडा घट्ट असून १० सेंटिमीटरमध्ये १४ ऐवजी १५ टाके बसत असतील आणि तरीही ७० टाकेच धरले, तर एका आयताची रुंदी ४६.७ सेंटिमीटर होते आणि पूर्ण घेर १०० ऐवजी साधारण ९३ सेंटिमीटर भरतो; म्हणजे सैलपणा जवळजवळ सगळाच गेला. अशा वेळी मुद्दाम सैल विणण्याचा प्रयत्न करू नये, तो दोन ओळींपलीकडे टिकत नाही. टाके जास्त बसत असतील तर अर्ध्या मिलिमीटरने मोठी सुई घ्यावी, कमी बसत असतील तर लहान घ्यावी.

याच तुकड्यावरून सूत किती लागेल हेही काढता येते. १५ गुणिले १५ म्हणजे २२५ चौरस सेंटिमीटरचा तुकडा ९ ग्रॅम भरला, आणि शिवणीसह दोन्ही आयतांचे क्षेत्रफळ सुमारे ५,५०० चौरस सेंटिमीटर असेल, तर ते तुकड्याच्या साधारण साडेचोवीसपट, म्हणजे २२० ग्रॅम होते. शिवण, लोंबती टोके आणि वजनातली चूकभूल धरून २५० ग्रॅम सूत घ्यावे. आधी एकच गुंडा आणून तुकडा विणावा आणि उरलेले सर्व गुंडे लेबलवरचा रंगाचा लॉट क्रमांक जुळवून एकदम घ्यावेत. वेगवेगळ्या लॉटच्या गुंड्यांचा रंग हातात एकच वाटतो, पण विणल्यावर फरक पट्ट्यासारखा उठून दिसतो.

आयत विणणे

सरकती गाठ मारून ७४ साखळ्या घालाव्यात. सुईवरचा फासा यात धरू नये. साखळी विणकामापेक्षा नेहमी घट्ट पडते आणि मग आयताचा तळ आवळल्यासारखा दिसतो, त्यामुळे एवढ्या साखळीपुरती ५ मिलिमीटरची सुई वापरावी आणि नंतर ४.५ मिलिमीटरच्या सुईवर यावे. सुईपासून तिसऱ्या साखळीत पहिला अर्धा खांब घालावा आणि पुढे प्रत्येक साखळीत एक याप्रमाणे जावे, म्हणजे ओळीत ७२ टाके भरतात. पहिली ओळ कोणालाही गोड वाटत नाही. साखळी पिळवटते, टाके हलतात, सुई चुकीच्या धाग्याखाली जाते. तिसऱ्या ओळीपासून हातात धरायला कापड येते आणि काम स्थिरावते.

ओळ संपल्यावर दोन साखळ्या घालून काम उलटावे आणि थेट पहिल्याच टाक्यात अर्धा खांब घालावा. या दोन साखळ्यांना टाका म्हणून मोजायचे नाही. काही नमुन्यांत त्या मोजतात, काहींत मोजत नाहीत, आणि नवशिक्यांच्या कडा तिरक्या जाण्यामागे बहुतांशी हाच घोटाळा असतो. कापडाची कड जवळून पाहिली तर ओळीचा शेवटचा टाका वळणाच्या साखळीकडे कललेला असतो आणि तिचीच गाठ असल्यासारखा भासतो. तो सुटला की ओळ ७१ ची होते. उलट, चुकून वळणाच्या साखळीतही टाका घातला की ७३ होतात. यावर सोपा उपाय असा, की प्रत्येक ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या टाक्याच्या डोक्यात खूण अडकवावी. पुढच्या ओळीत खुणेपर्यंत पोहोचलो म्हणजे पोहोचलो, मोजायचीही गरज राहत नाही. दर दहाव्या ओळीच्या कडेला वेगळ्या रंगाची एक खूण ठेवली, तर ओळींचा हिशेबही कापडावरच राहतो.

चूक दिसली तर उसवण्यास कचरू नये. दोन सुयांच्या विणकामात सगळेच टाके सुईवर जिवंत असतात, क्रोशात मात्र एका वेळी एकच फासा उघडा असतो; म्हणून सुई काढून सूत ओढले की हव्या त्या टाक्यापर्यंत सुरक्षित मागे जाता येते. अर्थात याच कारणाने काम खाली ठेवताना तो एकुलता फासा हातभर लांब ओढून ठेवावा किंवा त्यात पिन अडकवावी. थांबायचे ते शक्यतो ओळीच्या शेवटी.

नवा गुंडा ओळीच्या मध्येच जोडू नये. शेवटच्या टाक्यात तीन फाशांमधून ओढायचा वेढा नव्या सुताचा घ्यावा आणि दोन्ही सुतांची १५ सेंटिमीटरची टोके सोडून ठेवावीत. गाठ मारली तर ती कापडात खड्यासारखी टोचते आणि कधी ना कधी सुटतेही.

बसण्याच्या पद्धतीकडे दुर्लक्ष होते, म्हणून तेही सांगणे आवश्यक आहे. कोपरांना आधार असावा, उजेड कामावर पडावा आणि गुंडा मांडीवर किंवा भांड्यात मोकळा फिरावा. सूत दर वेळी ओढून घ्यावे लागत असेल, तर टाके आपोआप घट्ट होतात. अर्ध्या तासाने सुई ठेवून मनगटे आणि बोटे सैल करावीत. हात दुखत असतानाही विणत राहिले तर टाक्यांचे माप बदलते, आणि ते कापडावर स्पष्ट दिसते. दुसरा आयत पहिल्याइतकाच उंच होतो का, हे केवळ टेपने न पाहता ओळी मोजून पाहावे, कारण टेपखाली कापड ताणले जाते.

जोडणी

दोन्ही आयत धुऊन, सपाट पसरून, मापात ओढून वाळू द्यावेत आणि मगच शिवावेत. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री टेकवू नये. तंतू वितळून कापड कायमचे लुळे पडते. लोकर कोमट पाण्यात न चोळता भिजवावी, नाहीतर ती आटून जाड होते.

आयत एकावर एक ठेवून वरच्या कडेला दोन्ही टोकांकडून १७–१७ टाके खांद्यांसाठी मोजावेत. मधल्या ३८ टाक्यांचा, म्हणजे सुमारे २७ सेंटिमीटरचा, गळा उरतो. शिवण्याआधी खांदे पिनांनी जोडून टॉप डोक्यातून घालून पाहावा. गळा मोठा वाटला तर खांद्याकडून दोन-दोन टाके आणखी जोडावेत. दोन्ही कडांचे समोरासमोरचे टाके बोथट सुईने, त्याच सुताने जोडावेत आणि सूत इतकेच ओढावे की शिवण कापडाइतकीच ताणली जाईल.

बाजू शिवताना खांद्यापासून २० ओळी मुंड्यासाठी उघड्या सोडाव्यात आणि तिथून खालपर्यंत शिवावे. दंड भरदार असल्यास २२ ओळी सोडाव्यात. बसताना टॉप पोटावर गोळा होऊ नये म्हणून खालच्या ८ ओळी दोन्ही बाजूंना न शिवता ठेवण्याची पद्धत मला अधिक पसंत आहे. त्याने सरळ आयताला थोडा आकारही येतो. गळा आणि मुंडे यांच्या कडांवरून सिंगल क्रोशेची एक फेरी घातली, तर कडा ताणून सैल होत नाहीत, पण हे ऐच्छिक आहे.

राहिलेली टोके टाक्यांच्या पायांतून एकदा एका दिशेला, मग उलट दिशेला आणि पुन्हा पहिल्या दिशेला ओवून मगच कापावीत. तयार टॉप धुतल्यावर दोरीवर किंवा हँगरवर टांगू नये, ओल्या वजनाने तो एका वेळेतच दोन-तीन ओळींनी लांबतो. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी दाबून काढावे, सपाट वाळवावा आणि कपाटात घडी घालून ठेवावा.