आधी उजेड जुळवा, मग रंग

जूनच्या ढगाळ दुपारी काढलेली पणजीच्या फोंताईन्हास वस्तीतील पिवळी भिंत आणि डिसेंबरच्या उन्हात टिपलेली निळी खिडकी एकाच चित्रात बसवायची झाली, की नवशिका थेट रंगांना हात घालतो. माझ्या मते आधी उजेडाची पातळी जुळवावी. ती जुळली की रंगाचे काम पुष्कळ हलके होते.

ही पातळी कशी तपासायची, यातच मला सर्वाधिक काळ अडवून ठेवणारा सापळा आहे. चित्र कृष्णधवल करून पाहा, असे सगळेच सांगतात. कृष्णधवल कसे करायचे, ते क्वचितच कोणी सांगते. फोटोशॉपमधील डिसॅच्युरेट ही आज्ञा प्रत्येक बिंदूच्या लाल, हिरवा आणि निळा यांच्या ० (काळोख) ते २५५ (पूर्ण उजेड) या आकड्यांपैकी सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान आकड्याची सरासरी काढते. शुद्ध पिवळ्याचे आकडे २५५, २५५, ० आणि शुद्ध निळ्याचे ०, ०, २५५ असल्यामुळे, डोळ्यांना पिवळा झगझगीत आणि निळा गडद दिसत असूनही, दोन्ही रंग साधारण १२८ च्या एकाच करड्या छटेत उतरतात. त्या करड्या चित्रावर विसंबून भिंत किंवा खिडकी उजळवू नका. त्याऐवजी सर्वांत वर काळा लेअर (चित्रावरचा वेगळा थर) ठेवून त्याचा ब्लेंड मोड, म्हणजे खालच्या थरात मिसळण्याची पद्धत, ‘कलर’ करा. हा मोड लालला सुमारे ३०, हिरव्याला ५९ आणि निळ्याला ११ टक्के वजन देतो, त्यामुळे तोच पिवळा २२७ वर आणि तोच निळा २८ वर दिसतो. हे आकडे इन्फो पॅनेलमध्ये, म्हणजे कर्सरखालच्या रंगाचे आकडे दाखवणाऱ्या चौकटीत, स्वतः पाहिल्याशिवाय पटत नाहीत, म्हणून एकदा अवश्य पाहा.

त्यानंतर तो काळा लेअर बंद करून दोन्ही छायाचित्रांतील पांढरी किनार मोजा. ढगाळ उजेडात ती समजा २०५, २१२, २२४ अशी निळसर असेल आणि उन्हात २५०, २४३, २२८ अशी उबदार, तर कर्व्हज या उजेड-रंग बदलणाऱ्या वक्ररेषेच्या साधनात प्रत्येक चॅनेल (लाल, हिरवा, निळा) वेगळा हलवून एकीचे आकडे दुसरीच्या जवळ आणा. गडद सावल्यांचेही तसेच करा. हात बसायला वेळ लागतो, पण बसतो.

एका चित्राचे रंग दुसऱ्याशी आपोआप जुळवणाऱ्या मॅच कलर या आज्ञेपासून मात्र सुरुवातीला दूरच राहा. चित्राचा ठरावीक भाग निवडला नसेल तर ते संपूर्ण चित्राचा हिशेब करते आणि मोठे आभाळ असेल तर तेच भिंतीचा रंग ठरवते. शिकवणाऱ्यांतही, तुमच्या हातातला स्लायडर स्वतः सरकवणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा ‘आकडा किती दिसतो?’ असे विचारणारा मला अधिक मोलाचा वाटतो.

एक गोष्ट कोणताही कर्व्ह करणार नाही: उन्हातली धारदार सावली ढगाळ होत नाही. ती पुसून, मऊ कडांची नवी सावली हातानेच रंगवावी लागते.