स्क्रीनपुढचा माणूस आणि रात्रीचा रन

हिंजवडी किंवा खराडीच्या एखाद्या कंपनीत एएस/४०० या आयबीएमच्या व्यावसायिक संगणकाच्या प्रोजेक्टवर नेमणूक झाली की नवीन मुलं आरपीजी या त्यावरच्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या मागे लागतात. शिकायलाच हवं. पण प्रोग्रॅम मशीनवर कुठे चालतो, कुणाच्या शेजारी चालतो, हे क्लासमध्ये क्वचितच कोणी सांगतं. सपोर्टमध्ये बरीच वर्षं काढल्यावर माझं मत पक्कं झालंय. ‘सिस्टिम स्लो आहे’ असा फोन आला की आधी विचारायचं, कुणासाठी स्लो? स्क्रीनपुढे बसलेल्यासाठी, की बॅचसाठी, म्हणजे मागे माणसाशिवाय चालणाऱ्या मोठ्या कामासाठी?

चाकणच्या कारखान्यात गेटवर ट्रक उभा आहे आणि स्टोअरमधला माणूस चलनाची एंट्री करतोय. त्याला एंटर दाबताच पुढची स्क्रीन हवी. त्याला सीपीयू अगदी किरकोळ लागतो. दोन एंटरच्या मधल्या वेळात त्याचा जॉब, म्हणजे मशीनवर चालणारं त्याचं काम, नुसता बसून असतो. एमआरपीच्या, म्हणजे मालाची गरज काढणाऱ्या बॅचच्या, रनला एकेका रेकॉर्डच्या वेळेशी देणंघेणं नसतं. पहिली शिफ्ट लागायच्या आत सगळं उरकलं म्हणजे झालं. १९८८ साली आलेलं हे मशीन ही दोन्ही कामं एकाच वेळी सांभाळतं, कारण त्यांची व्यवस्था मुळात वेगळी ठेवलेली आहे. स्क्रीनच्या कामांच्या क्यूइंटर सबसिस्टिममधले (मशीनमधल्या वेगळ्या कप्प्यातले) जॉब सहसा २० प्रायॉरिटीने चालतात, बॅचच्या क्यूबॅचमधले ५० ने, आणि आकडा लहान तो आधी. क्यूबॅचच्या जॉब क्यूमधून, म्हणजे रांगेतून, मुळात एका वेळी एकच जॉब सुटतो.

ही व्यवस्था आपणच मोडतो. मेनूच्या ऑप्शनमागे मोठा रिपोर्ट थेट ‘कॉल’ने लावला, की तो २० ने पळतो आणि सगळ्यांच्या स्क्रीन अडकतात. तोच ‘सबमिट जॉब’ने क्यूत टाकला तर कुणाला कळतही नाही. आणि आता फक्त क्यूइंटरकडे पाहून भागत नाही. एक्सेलमधून ओडीबीसी या डेटाबेस-जोडणीने कोणी वर्षभराचा डेटा ओढला, तर ते काम क्यूझेडडीएएसओइनिट नावाच्या जॉबमध्ये चालतं. त्याचीही प्रायॉरिटी मुळात २० असते. स्वभाव बॅचचा, मान इंटरॅक्टिव्हचा, म्हणजे स्क्रीनच्या कामाचा. महिनाअखेरीला स्क्रीन रेंगाळल्या तर मी आधी हे जॉब तपासतो.

जुन्या लोकांच्या तोंडी ‘सीएफइंट’ ऐकाल. याच मशीनला आयसिरीज म्हणत त्या काळात त्याच्या ताकदीचे, सीपीडब्ल्यू या मापातले, दोन आकडे असत, एक एकूण आणि एक फक्त ५२५० या टर्मिनल स्क्रीनच्या कामासाठी. दुसरा आकडा वाढवून घ्यायचा तर वेगळे पैसे. स्क्रीनचं काम त्या मर्यादेपलीकडे गेलं की सीएफइंट ही सिस्टिमचीच टास्क सीपीयू खायला लागे, आणि फटका बॅचलाही बसे. आताच्या मशीनवर ती मर्यादा भेटणार नाही, पण जुन्या शॉपमध्ये इतकं काम बॅचमध्ये का ढकललेलं असतं, हे त्यावरून समजतं.

खरी परीक्षा असते ती सीपीयू मोकळा असूनही रन न संपण्याची. अशा वेळी व्यवस्थापन नवीन प्रोसेसर मागतं, आणि बहुतेकदा ते पैसे वाया जातात. साधा बॅच जॉब एका वेळी एकाच कोअरवर चालतो. बाकीचे कोअर त्याला बघत बसतात. तो थांबलेला असतो डिस्कसाठी किंवा लॉकसाठी, म्हणजे दुसऱ्याने धरून ठेवलेला रेकॉर्ड सुटण्यासाठी. फाइल जर्नल होत असेल (तिच्यातल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवली जात असेल) आणि कमिटमेंट कंट्रोल, म्हणजे अनेक बदल एकगठ्ठा पक्के करायची सोय, नसेल, तर प्रत्येक बदलामागे जर्नल डिस्कवर लिहून होईपर्यंत थांबावं लागतं. तेच काम कमिटमेंट कंट्रोलखाली, काही हजार रेकॉर्डनंतर एक कमिट देऊन केलं, तर रनचा वेळ झपाट्याने उतरतो. फाइल क्रमाने वाचायची असेल तर ओव्हरराइडमध्ये (फाइलची सेटिंग त्या रनपुरती बदलणाऱ्या कमांडमध्ये) ‘सीक्वेन्शियल ओन्ली’ देऊन मोठा ब्लॉक घ्या. फाइलवर वापरात नसलेल्या लॉजिकल फाइल (त्याच डेटाच्या वेगळ्या मांडण्या) लटकत असतील तर प्रत्येक इन्सर्टला त्यांचेही अ‍ॅक्सेस पाथ, म्हणजे इंडेक्स, सांभाळले जातात. त्या शोधून काढा.

लॉकचं दुखणं बहुधा स्क्रीनकडूनच येतं. अमेरिकेतला एखादा युजर रेकॉर्ड अपडेटसाठी उघडा ठेवून घरी जातो आणि रन तिथे अडखळतो. त्यांच्या सेंट्रल टाइमची मध्यरात्र म्हणजे हिवाळ्यात आपले सकाळचे साडेअकरा, उन्हाळ्यात साडेदहा. त्यांचा रात्रीचा रन पुण्यात भर दिवसा डोळ्यांसमोर चालतो. शिकायला याहून चांगली संधी नाही, ती चहाच्या टपरीवर घालवू नका.

त्या वेळी ‘वर्क अ‍ॅक्टिव्ह जॉब्स’ उघडा, एफ१० ने आकडे नव्याने सुरू करा आणि स्टेटसचा कॉलम वाचा. डीएसपीडब्ल्यू म्हणजे माणसाची वाट बघतोय, एलसीकेडब्ल्यू म्हणजे लॉकची, एमएसजीडब्ल्यू म्हणजे कोणीतरी मेसेजला उत्तर द्यायला हवं. एफ११ दाबलं की प्रायॉरिटी आणि डिस्कचं आयओ दिसतं. मग ‘वर्क सिस्टिम स्टेटस’मध्ये प्रत्येक पूलचे, म्हणजे मेमरीच्या वाट्याचे, फॉल्ट (मेमरीत नसलेला डेटा डिस्कवरून आणावा लागल्याच्या वेळा) बघा. रात्री क्यूपीएफआरएडीजे ही आपोआप जुळवणी करणारी सिस्टिम सेटिंग मेमरी बॅचच्या पूलकडे वळवते, म्हणून सकाळी पहिल्या काही स्क्रीन जड वाटू शकतात. त्या तक्रारीवर कोड उघडण्याआधी फॉल्ट बघा.

घरी सरावाला पब४०० या मोफत सार्वजनिक मशीनवर खातं काढता येतं. एकच छोटा प्रोग्रॅम आधी कॉल करून चालवा, मग सबमिट करा, आणि दोन्ही वेळी त्याचा सबसिस्टिम, पूल आणि प्रायॉरिटी वहीत लिहून ठेवा.