चाकरमानी येण्याआधी वाय-फायला घाम फोडा

तारकर्ली-देवबाग पट्ट्यातल्या होमस्टेवाल्यांचा चतुर्थीआधीचा ठरलेला प्रश्न: "स्पीड तर बरी गावता, मगे आरतीच्या टायमाक व्हिडिओ अडाकता कित्याक?" स्पीड टेस्ट केलेली असते भर दुपारी, एकाच मोबाईलवर, राउटरला चिकटून. घरभर माणसं तुटून पडली की वायर, नेटवर्क स्विच (एका वायरच्या अनेक वायरी करणारा डबा) आणि वाय-फाय काय करतात, ते त्यातून कळत नाही. त्यासाठी घरातल्या घरात खोटी रहदारी आपणच सोडायची. तिला इंटरनेट लागत नाही.

हत्यार एकच, आयपर्फ-थ्री, म्हणजे दोन यंत्रांमधला वेग मोजणारा प्रोग्राम. फुकट आहे. जुना लॅपटॉप राउटरला वायरने जोडा आणि त्यावर आयपर्फ-थ्री, मग डॅश एस असं टाका. तो झाला सर्व्हर, ५२०१ पोर्टवर (पोर्ट म्हणजे इथे नुसता दाराचा नंबर) वाट बघत बसतो. फायरवॉलने विचारलं तर परवानगी द्या. दुसऱ्या लॅपटॉपवर डॅश सी आणि पहिल्याचा आयपी पत्ता.

सुरुवात वायरनेच करा, वाय-फायचा मोह आवरा. गिगाबिट जोडणीवर ९४० मेगाबिटच्या आसपास आकडा यायला हवा. ९४ वर अडकला तर आधी राउटरचा वायर लावायचा पोर्टच १०० मेगाबिटचा नाही ना ते बघा. स्वस्तातल्या राउटरांचे असतात. तसं नसेल तर वायर. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात, म्हणून जादाच्या दोनांतली एक जोडी गेली तरी नेट चालूच राहतं आणि कोणाला पत्ता लागत नाही. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत जॅकच्या पिना हिरव्या पडतात. घासत बसू नका, टोक कापून नवा जॅक क्रिम्प करा.

चाचणी आपसूक दहाच सेकंद चालते. एवढ्यात काही तापत नाही, तेव्हा डॅश टी ३०० द्या. डॅश आर (मोठा) लावलात की उलट दिशेने, म्हणजे डाउनलोडसारखी रहदारी येते. पाहुणे तेच जास्त करतात. मोठा पी म्हणजे समांतर प्रवाह, आठ ठेवा. छोटा पी म्हणजे पोर्ट, आणि इथे सगळे गोंधळतात. एक सर्व्हर एका वेळी एकच चाचणी घेतो, दुसऱ्याला 'बिझी' म्हणून परत पाठवतो. तीन खोल्यांतून एकदम मारा करायचा तर ५२०१, ५२०२, ५२०३ असे तीन सर्व्हर उघडा.

आता वाय-फाय. जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत सिग्नल खाते, म्हणून पडवीत, माजघरात आणि गणपतीच्या खोलीत वेगवेगळं तपासा. व्हिडिओ कॉलची नक्कल करायला डॅश यू (यूडीपी, म्हणजे पोच न मागता माहिती सोडायची पद्धत) आणि डॅश बी ४एम (वेग ४ मेगाबिट). डॅश बी विसरलात तर यूडीपी फक्त १ मेगाबिट सोडतं आणि सगळं झकास दिसतं. माहितीची हरवलेली पाकिटं १ टक्क्याच्या वर गेली की आवाज तुटू शकतो.

माझ्या मते खरी परीक्षा पिंगची, म्हणजे हाक मारल्यावर उत्तर यायला किती वेळ लागतो त्याची. मारा चालू असताना त्याच खोलीतून वेगळ्या मोबाईलने राउटरला पिंग करा. एरवीचे ४-५ मिलिसेकंद दोनशे-तीनशेवर गेले तर दोष वाय-फायचा. त्या खोलीपर्यंत वायर ओढून वेगळा अॅक्सेस पॉइंट (वायरवरून वाय-फाय देणारा डबा) लावा. रिपीटर विकत घेऊ नका. राउटरचा पिंग नीट, पण मोठा व्हिडिओ अपलोड होत असताना बाहेरचा पिंग फुगतो, तर रांग लाइनवर लागते आहे. राउटरमध्ये एसक्यूएम (ही रांग आवरणारी सोय) असेल तर मर्यादा लाइनच्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर ठेवा.

हे सगळं स्वतःच्या किंवा मालकाने सांगितलेल्या नेटवर्कमध्येच. बाहेरच्या आयपीवर यूडीपीचा असा मारा म्हणजे हल्लाच. आणि पाहुणे नसताना करा.

शेवटी पाच मिनिटांची चाचणी लावून मेन स्विच पाडा. पावसात लाईट जाणारच आहे. राउटर इन्व्हर्टरवर असतो, पण मागच्या खोलीतला छोटा नेटवर्क स्विच बहुतेक वेळा साध्या लाइनवर राहिलेला असतो. आकडा शून्यावर आला की इलेक्ट्रिशियनला फोन करा, तोही चतुर्थीआधी, कारण नंतर तो स्वतःच्या घरच्या आरतीत असेल.