डिजिटल ह्युमॅनिटीज मायनर घेताय? मग या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईत बीए करणारी जी मुलं डिजिटल ह्युमॅनिटीज (म्हणजे संगणकाच्या मदतीने साहित्य-इतिहासाचा अभ्यास) मायनर, म्हणजे जोडविषय, म्हणून घेतात, किंवा इतिहासाच्या-मराठीच्या प्रोजेक्टात असलं काम काढतात, त्यांची गाडी बहुतेक वेळा एकाच जागी अडते. कोडिंग येत नाही म्हणून नाही. मजकूर कच्चा असतानाच त्याचे रंगीत आलेख काढायची घाई होते म्हणून.

टूल आधी, प्रश्न नंतर

आज व्हॉयंट (शब्द मोजायला), उद्या गेफी (नात्यांची जाळी काढायला), परवा क्यूजीआयएस (नकाशे करायला), अशी यूट्यूबवर ट्यूटोरियलं बघण्यात सेमिस्टर निघून जातं आणि सबमिशन तोंडावर आलं की विषयाची शोधाशोध सुरू होते. 'मराठी साहित्यातील स्त्रीप्रतिमा' हा मायनरचा विषय नव्हे. त्यापेक्षा '१८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये (ब्रिटिश सरकारच्या इंग्रजी माहितीग्रंथात) कोणती बंदरं येतात आणि ती आज नकाशावर कुठे दिसतात' हा विषय एका सेमिस्टरमध्ये बसतो. मराठीच मजकूर हवा असेल तर जुनी पुस्तकं मोफत देणारं मराठी विकिस्रोत हे संकेतस्थळ आहे, आणि ठाण्यातच १८९३ साली स्थापन झालेलं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. तिथे जाऊन आधी पुस्तक हातात घेऊन चाळा. कुठल्या पानांवर काम होईल आणि कुठल्या नाही, हे स्क्रीनवर कळत नाही.

नकाशावर गाव भलतीकडेच पडलं

गॅझेटियर घेतलंत तर हा घोळ होणारच. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या तालुक्यांत 'माहीम' आहे. गावांची यादी नावावरून जागा शोधणाऱ्या ऑनलाइन सेवेला दिली की ती बिनदिक्कत मुंबईतल्या माहीमवर टाचणी मारते. ते माहीम म्हणजे केळवे-माहीम, आजच्या पालघर जिल्ह्यातलं. बेलापूर टाकाल तर अहिल्यानगर जिल्ह्यातलंही बेलापूर येईल, वाशी टाकाल तर धाराशिवचा वाशी तालुका. तेव्हा प्रत्येक टाचणी डोळ्यांनी तपासा. शंभर गावं असतील तर एका संध्याकाळचं काम आहे, उगाच कंटाळा करू नका.

हद्दींचंही तेच. १८८२ च्या ठाणे जिल्ह्यात पनवेल आणि कर्जत होते, पालघर तर २०१४ मध्ये वेगळा झाला. आजच्या जिल्ह्याची सीमा टाकून त्यावर तेव्हाचे आकडे रंगवले तर नकाशा देखणा होईल आणि साफ चुकीचा असेल. जुनी नावंही वेगळी: वसईचं बॅसिन, साष्टीचं साल्सेट. आपल्या तक्त्यात मूळ नाव आणि आजचं नाव असे दोन रकाने ठेवा.

सगळीच गावं समुद्रात दिसत असतील तर घाबरू नका, अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झालीय. ठाणे साधारण १९.२ उत्तर, ७२.९७ पूर्व. हेच आकडे उलटे टाकले की ठाणं थेट नॉर्वेच्या वर, आर्क्टिकच्या पाण्यात जातं. क्यूजीआयएसमध्ये एक्स म्हणजे रेखांश, वाय म्हणजे अक्षांश.

शब्द मोजले, पण मोजलं काय?

सगळ्यात जास्त मार्क इथे जातात. व्हॉयंटमध्ये मजकूर टाकला, 'ठाणे' शोधलं, आकडा आला, रिपोर्टात गेला. त्या आकड्यात ठाण्यात, ठाण्याला, ठाण्याहून, ठाण्याचा यांपैकी काहीच नाही. उलट 'पोलीस ठाणे' मात्र आहे. आपल्या भाषेत नाम एकटं क्वचितच येतं, त्यामुळे सामान्यरूपं एकत्र केल्याशिवाय मराठीत शब्दमोजणीला अर्थ नाही. रॉबर्टो बुसा या इटालियन जेझुइट पाद्र्याने १९४९ मध्ये आयबीएमच्या मदतीने थॉमस अक्वायनस या मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञाच्या लॅटिन लेखनाची शब्दसूची करायला घेतली, तेव्हा त्यालाही एकाच शब्दाची सगळी रूपं मूळ शब्दाखाली लावावी लागली होती. छापील खंड यायला १९७० चं दशक उजाडलं. तुम्हाला फक्त दहा-बारा शब्दांची रूपं हाताने गोळा करायची आहेत.

त्यात जुना मजकूर असेल तर १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीचे अनुस्वार येतात: 'नांव', 'कांहीं'. संगणकाला 'नाव' आणि 'नांव' हे दोन वेगळे शब्द. आणखी एक छुपा घोळ म्हणजे 'ॲक्ट'. कुणी अख्खा 'ॲ' टाइप करतं, कुणी 'अ' वर चंद्र देतं. दिसायला सारखंच, पण एक शोधलं तर दुसरं सापडत नाही. आधी बदलून एकसारखं करून घ्या. शब्दांच्या ढगात (वर्ड क्लाउडमध्ये, जिथे जास्त वेळा आलेला शब्द मोठा दिसतो) 'आहे' आणि 'आणि' सगळ्यात मोठे दिसले तर वगळायच्या शब्दांची यादी भरायची राहिलीय, एवढंच.

अक्षरांचा खिचडा

पीडीएफमधून कॉपी केल्यावर इंग्रजी अक्षरांची बरबट आली, तर ते श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं आहे. फॉन्ट कन्व्हर्टरने युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरपद्धत) करा आणि जोडाक्षरं वाचून बघा. स्कॅन असेल तर किमान ३०० डीपीआय, आणि टेसरॅक्टमध्ये (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर देणारं सॉफ्टवेअर) भाषा मराठीच निवडा. तरी 'घ'चा 'ध', 'भ'चा 'म' होतोच.

सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा तक्ता) एक्सेलमध्ये थेट उघडल्यावर मराठीचा चुथडा झाला तर फाइल बिघडलेली नसते. डेटा मेनूतून आयात करा आणि यूटीएफ-८ ही युनिकोडची पद्धत निवडा. चुथडा दिसत असताना सेव्ह मात्र करू नका.

तारखांचं दुखणं वेगळंच. एक्सेलच्या तारखा १ जानेवारी १९०० पासून सुरू होतात. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली ती १६ एप्रिल १८५३ ही तारीख त्याला नुसता मजकूर वाटते, क्रम लागत नाही. वर्ष, महिना, दिवस असे तीन रकाने करा. जुन्या मासिकांवर शके असेल तर ७८ मिळवा, वर्षाच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत ७९.

कॉपीराइट

लेखकाच्या मृत्यूनंतरच्या जानेवारीपासून ६० वर्षं. आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले, म्हणजे त्यांनी हयातीत छापलेलं लेखन १ जानेवारी २०३० ला खुलं होईल. तोवर अभ्यासासाठी वापरा, अख्खं पुस्तक स्वतःच्या साइटवर चढवू नका. भाषांतर असेल तर भाषांतरकाराचं साल वेगळं मोजावं लागतं.

व्हायवाच्या आदल्या रात्री

मूळ फाइलवरच साफसफाई केलेली असते आणि परीक्षक विचारतात, 'हा आकडा आला कुठून?' मूळ मजकूर एका फोल्डरमध्ये, त्याला हात लावायचा नाही. साफ केलेला दुसऱ्यात. सोबत एक साधी टेक्स्ट फाइल: कोणत्या तारखेला काय बदललं, 'नांव'चं 'नाव' केलं की नाही, कोणती पानं वाचता आली नाहीत म्हणून गाळली. रिपोर्टात ही फाइल परिशिष्ट म्हणून जोडा.